लायोनेल पेगची जागा

हर्बर्ट क्रॅडॉक हे नाव सांगितलं असतं तर त्या काळच्या इंग्लंडातही कुणी ओळखलं नसतं. चेहरा दिसला की मात्र लोक थबकायचे. बसच्या रांगेत एखादी बाई वळून वळून बघायची आणि शेवटी न राहवून विचारायची, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय हो. आमच्या दातांच्या डॉक्टरांकडं असता का तुम्ही?" हर्बर्ट हसून म्हणायचा, "असेन, बाई." एकोणतीस वर्षांत त्यानं चित्रपटांत आणि नाटकांत किती बटलर, किती पाद्री, किती पोलीस शिपाई आणि स्टेशनमास्तर केले याचा हिशेब त्यालाही राहिला नव्हता. नायक-नायिका बोलत असताना मागून चहाचा ट्रे घेऊन येणारा माणूस म्हणजे हर्बर्ट. असे नट नसतील तर नाटक उभं राहत नाही, आणि असतील तर कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

एकसष्ट सालच्या नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी त्याच्या एजंटचा फोन आला.

"थॉर्नसीला जाशील का? समुद्रकाठचं गाव आहे. खुनाचं नाटक, म्हाताऱ्या फॅमिली डॉक्टरचं काम. बुधवारच्या दुपारच्या खेळापासून पुढं तीन आठवडे."

"परवाच्या? आधीच्या नटाला काय झालं?"

"शनिवारी गेला बिचारा. तुझ्या ओळखीचाच होता. लायोनेल पेग."

हर्बर्टनं समोरच्या कागदावर गावाचं नाव लिहून घेतलं.

"जाईन," तो म्हणाला. "संहिता पाठवून दे."

दोन दिवसांत काम पाठ करणं त्याला अवघड नव्हतं, जन्मभर तेच केलेलं. मंगळवारी गाडीत बसून त्यानं डॉक्टर मॅबीची सगळी वाक्यं पाठ केली. मधेच मात्र डोळे कागदावरून सरकायचे आणि खिडकीबाहेरच्या ओल्या शेतांवर जाऊन बसायचे.

पेग आणि तो तरुणपणी एकाच फिरत्या कंपनीत होते. एकाच खोलीत राहायचे, एकाच इस्त्रीनं कॉलर कडक करायचे. पेग त्याला बर्टी म्हणायचा. पेग शिडशिडीत, हर्बर्ट अंगानं भरलेला. पेग त्याच्याहून चांगला नट होता. हे कंपनीत सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांत जास्त हर्बर्टला.

बत्तीस सालच्या फेब्रुवारीत कंपनी लीड्सला असताना पेगच्या आईचं दुखणं वाढलं आणि तो तिला भेटायला हल शहरी गेला. त्याच दुपारी त्याच्या नावानं तार आली. लंडनच्या एका स्टुडिओतल्या माणसानं पेगचं काम पाहिलं होतं. बटलरची भूमिका होती, सोमवारी सकाळी दहाला हजर राहायचं होतं. हर्बर्टनं तार घेतली आणि वाचली. पेगला हल शहरी कळवायचं असं त्यानं ठरवलंही होतं. शनिवार गेला, रविवारही गेला. सोमवारी सकाळी दहाला स्टुडिओच्या दारात हर्बर्टच उभा होता. "पेग आजारी आहे," त्यानं सांगितलं. "त्यानं मला पाठवलंय."

त्या एका बटलरवर त्याचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. पेग तसाच गावोगावच्या थिएटरांत फिरत राहिला. बातमी कळल्यावर त्यानं हर्बर्टचे दोन्ही हात हातांत घेऊन अभिनंदन केलं होतं. पुढं दर नाताळात त्याचं कार्ड यायचं, त्यात एकदोन ओळी असायच्या: तुझा पोलीस पाहिला. टोपी काढतोस ते छान. पुन्हा भेट मात्र कधी झाली नाही. हर्बर्टनंच होऊ दिली नाही.

थॉर्नसीचं थिएटर गावात नव्हतंच. समुद्रात पाव मैल आत घुसलेला जुना लाकडी धक्का, आणि त्याच्या पार टोकाला, खांबांवर उभं केलेलं थिएटर. उन्हाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसायची. नोव्हेंबरात मात्र धक्क्यावरच्या सरबताच्या टपऱ्यांना फळ्या ठोकलेल्या, बाकं उलटी घातलेली. बुधवारी सकाळी हर्बर्ट बॅग घेऊन निघाला तेव्हा पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून खालचं राखाडी पाणी वर-खाली होताना दिसत होतं. जसजसं पुढं जावं तसतसा गावाचा आवाज मागं पडत गेला आणि लाटा खांबांवर आपटल्याचा एक दबका, पोकळ आवाज तेवढा राहिला.

रंगमंचाची सगळी व्यवस्था नॉर्मन थ्वेट नावाचा चाळिशीचा माणूस बघायचा. पडद्यापासून प्रॉम्प्टिंगपर्यंत सगळं त्याच्याच अंगावर होतं. त्यानं तालीम पटापट उरकली.

"पहिल्या अंकात तुम्ही येता ते या मोठ्या खुर्चीपाशी. पेग खुर्चीच्या डावीकडं उभे राहायचे."

"मी उजवीकडं राहिलो तर?" हर्बर्टनं विचारलं. "माझा डावा कान बहिरा आहे. इकडून तुमचं प्रॉम्प्टिंग तरी पोचेल."

"राहा की. इतरांना सांगून ठेवतो."

नायिकेचं काम करणाऱ्या डॅफ्नी रो या मुलीनं त्याला प्रेमानं सांभाळून घेतलं. चहाचा कप कुठल्या वाक्याला हातात द्यायचा ते तिनं त्याच्या उजव्या बाजूला येऊन दोनदा करून दाखवलं. ठीक चाललं होतं सगळं.

रंगपटात मात्र त्याला बरं वाटेना. खोली लहान होती. भिंतीला ओल आलेली, मेकअपच्या रंगांचा आणि कोल्ड क्रीमचा जुना वास, आणि त्याच्या तळाशी बडीशेपेच्या गोळ्यांचा आणखी एक वास. पेगला घसा साफ ठेवायला त्या गोळ्या चघळायची सवय होती. कपडेपट सांभाळणाऱ्या मिसेस ओग्डन डॉक्टरचा काळा कोट घेऊन आल्या. त्या साठीच्या, ठेंगण्या, सगळ्यांना 'राजा' म्हणणाऱ्या.

"घाल बघू, राजा."

कोट अंगात गेला. खांद्यात, पोटावर, कुठंही ओढ नाही.

"पेग तर सडपातळ होता," हर्बर्ट म्हणाला. "एवढ्यात कधी सैल केलात?"

"शनिवारी दुपारीच. त्यांनीच सांगितलं ना. म्हणाले, बाजूच्या शिवणी उसवून ठेवा, बर्टी येणार आहे, तो अंगानं सुटलाय."

"शनिवारी दुपारी? तेव्हा तर तो..."

"ठणठणीत होते. दोन्ही खेळ केले." मिसेस ओग्डन कोटावरची नसलेली धूळ झटकत राहिल्या. "मला वाटलं रजा बिजा घेताहेत. संध्याकाळी खेळ संपल्यावर चहा घेऊन आले तर या खुर्चीत बसलेले. हातात क्रीमचा बोळा. अर्धं तोंड पुसून झालेलं, अर्धं तसंच रंगवलेलं. अर्धे पेग आणि अर्धे डॉक्टर. मी तसंच ठेवायला हवं होतं का पुसायला हवं होतं, काही कळेना. मग पुसलं मीच."

ती खुर्ची हर्बर्टनं बाजूला सारली आणि उभ्यानंच रंगभूषा केली.

दुपारी अडीचला पडदा वर गेला. प्रेक्षक शंभरएक असतील, बहुतेक म्हातारी माणसं, ओव्हरकोट अंगावर तसेच ठेवून बसलेली. हर्बर्ट विंगेत आपल्या प्रवेशाची वाट बघत उभा होता. पायाखालच्या फळ्यांच्या खाली समुद्र होता. भरती लागली होती, आणि प्रत्येक लाटेसरशी जमीन केसभर हलत होती.

इशाऱ्याचं वाक्य आलं. तो दार उघडून रंगमंचावर गेला आणि मोठ्या खुर्चीच्या उजवीकडं उभा राहिला.

"या, डॉक्टर," डॅफ्नी म्हणाली. ती त्याच्याकडं बघत नव्हती. खुर्चीच्या डावीकडं बघत होती.

पोरीला जुनी सवय आहे, हर्बर्टच्या मनात आलं. त्यानं आपलं वाक्य टाकलं. मग घरमालकाचं काम करणारा नट बोलला, आणि तोही डावीकडंच बघून. त्यानं तर मान हलवली, भुवई उडवली, अगदी समोर माणूस असल्यासारखी. आणि प्रेक्षकांत हशा पिकला. हर्बर्टनं काहीच केलं नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा तसाच हशा आला, भरपूर, प्रेमाचा. मुरलेल्या नटानं नुसता चष्मा पुसला तरी येतो तसा.

तो अर्धं पाऊल पुढं सरकला, आवाज चढवला. कुणाची नजर हलली नाही.

मग चहाचा प्रसंग आला. डॅफ्नी कप घेऊन पुढं आली आणि हसत हसत खुर्चीच्या डावीकडं गेली. तिनं कप पुढं केला आणि सोडला. हर्बर्टनं डोळे मिटले. तो कप फुटण्याची वाट बघत राहिला. काहीच वाजलं नाही. डोळे उघडले तर कप त्याच्या स्वतःच्या डाव्या हातात होता. गरम होता. बशीसकट. तो हात त्यानं उचललेला त्याला आठवत नव्हता.

पुढचं वाक्य त्याचं होतं, पण ते आठवेना. त्यानं प्रॉम्प्टिंगच्या कोपऱ्याकडं पाहिलं. नॉर्मन संहिता मांडीवर ठेवून निवांत बसला होता, चेहऱ्यावर कसलीही काळजी नव्हती. आणि समोर नाटक पुढं चाललं होतं. डॅफ्नी कुणाचं तरी ऐकून घेऊन उत्तर देत होती. मधल्या शांततेत हर्बर्टच्या बहिऱ्या कानाशी, डाव्या कानाशी, कुणीतरी बोलत असल्याची नुसती ऊब लागत होती.

अंक संपला. पडदा पडताच त्यानं नॉर्मनला कोपऱ्यात गाठलं.

"नॉर्मन, सगळे डावीकडं का बघताहेत?"

"मग कुठं बघतील? तुम्हीच डावीकडं उभे होता की."

"मी उजवीकडं होतो."

नॉर्मननं त्याच्याकडं नीट पाहिलं. "मिस्टर क्रॅडॉक, मी इथंच बसून बघत होतो. सकाळी उजवीकडं राहतो म्हणालात आणि आयत्या वेळी डावीकडं गेलात. मला राग नाही आला. खरं सांगू? तुमच्या कामाचा धसकाच होता मला. पण काय काम केलंत तुम्ही! पेगची आठवण झाली सगळ्यांना."

"मी वाक्य विसरलो. चहाच्या नंतरचं."

"एक शब्द चुकला नाही," नॉर्मन म्हणाला. "दमलात तुम्ही. जरा टेका."

हर्बर्ट रंगपटात गेला नाही. दुसऱ्या अंकात डॉक्टरला एकदाच यायचं होतं. इशाऱ्याचं वाक्य आलं आणि तो मुद्दाम गेलाच नाही. विंगेतल्या काळ्या पडद्याला पाठ लावून, दोन्ही हात मागं गच्च धरून उभा राहिला. दहा फुटांवरचं दार उघडलं आणि मिटलं. आतून डॅफ्नी म्हणाली, "डॉक्टर, बरं झालं आलात," आणि शंभर माणसं एकदम हसली.

एकोणतीस वर्षं लोकांनी त्याचं नाव विचारलं नव्हतं. त्याचं त्याला फार वाईट वाटायचं नाही, चेहरा तरी होता. आता विंगेच्या अंधारात त्यानं गालाला हात लावून पाहिला. रंगाचा थर बोटांना लागला. खाली कातडी आहे की नाही हे त्याला कळेना.

तिसरा अंक सुरू झाला तेव्हा बाहेर दिवस मावळला होता. झरोक्यांतून येणारा उजेड गेला, विंगेत प्रॉम्प्टरच्या निळ्या दिव्याचा पुसट डाग तेवढा राहिला. भरती पुरती चढली होती. वारा फळ्यांच्या फटींतून वर येत होता, आणि त्या वाऱ्यात आधी शेवाळाचा आणि मग बडीशेपेचा वास होता.

हर्बर्टच्या डाव्या बाजूला कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. तोही बहुधा प्रवेशाची वाट बघत होता. हर्बर्टनं मान वळवली नाही.

"लायोनेल..."

गोळी दातांवर फिरवल्याचा बारीक आवाज आला. ज्या कानानं त्याला काही ऐकू येत नव्हतं त्या कानात आला.

"लायोनेल, मला सांगायचंय... ती तार... लीड्सची... ती तुझी होती."

खाली लाट आपटली. जमीन हलली.

"माहीत आहे, बर्टी," पेग म्हणाला. आवाज तरुण होता, दोघांच्या त्या जुन्या खोलीतला. "मी तारघरात जाऊन वही पाहिली. पोचेची सही केली होतीस. नाव माझं लिहिलंस आणि अक्षर तुझं."

"कधी पाहिलीस?"

"आईला पुरून आलो त्याच आठवड्यात."

"मग तू... इतकी वर्षं कार्डं पाठवलीस..."

"काम चांगलं करत होतास. ते सांगायला नको?"

रंगमंचावर डॅफ्नी खिडकीशी रडत होती. त्याचं इशाऱ्याचं वाक्य चार वाक्यांवर आलं होतं.

"माफ कर मला," तो कसाबसा म्हणाला. "मी चोरी केली तुझी. मी ते तोंडानं कधी बोललो नव्हतो, कुणाजवळच. काय हवंय तुला? सांग. काय देऊ?"

गोळीचा आवाज थांबला.

"काम हवंय, बर्टी. दुसरं काय हवं असतं आपल्याला?"

इशाऱ्याचं वाक्य आलं. शेजारचा माणूस हलल्याचं हर्बर्टला जाणवलं. त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं ते त्याला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. भीती होती, पण तिच्यावर दुसरंच काहीतरी चढलं. चाळीस वर्षं इशारा आला की पाय आपोआप उचलणाऱ्या माणसाची ती जिद्द होती. त्यानं डावा हात आडवा धरला. हाताला छातीएवढं, थंड, ओल्या लोकरीसारखं काहीतरी लागलं आणि किंचित मागं सरलं.

"हे माझंय," हर्बर्ट म्हणाला. "एवढं मला करू दे." आणि दार उघडून तो आत गेला.

दिव्यांचा झोत डोळ्यांवर आला. डॅफ्नीनं वळून पाहिलं, सरळ त्याच्या डोळ्यांत. तिचा चेहरा एकदम दचकला, जणू कुणी अनोळखी माणूस घरात शिरला होता. मग तिनं स्वतःला सावरलं. डॉक्टर मॅबीचा शेवटचा प्रवेश मोठा होता. आपण औषधात काय मिसळलं हे तो म्हातारा स्वतःच्या तोंडानं सांगतो. हर्बर्टनं तो प्रवेश कसलीही लकब न घालता, हात बाजूला सोडून, नुसता सांगितला. कुणी हसलं नाही. खोकलंही नाही. शेवटचं वाक्य संपल्यावर लाटांचा आवाज ऐकू येण्याइतकी शांतता झाली आणि मग टाळ्या आल्या.

त्या दिवसापासून पुन्हा काही घडलं नाही. गुरुवारी सगळे त्याच्याकडं बघून बोलले. बडीशेपेचा वासही गेला. गुरुवारच्या रात्री तो कितीतरी दिवसांनी गाढ झोपला.

शुक्रवारी सकाळी पेगचा दफनविधी होता. टेकडीवरचं लहान चर्च, बोचरा वारा, जेमतेम सात-आठ माणसं. पेगची धाकटी बहीण एडिथ हलहून आली होती. निवृत्त शिक्षिका, ताठ पाठीची, मोजून बोलणारी. विधी संपल्यावर ती स्वतः होऊन हर्बर्टजवळ आली.

"तुम्ही मिस्टर क्रॅडॉक. लायोनेलकडं तुमची कितीतरी कात्रणं होती." तिनं हातमोजा काढून त्याचा हात हातात घेतला. "तुमचे आभार मानायचे होते. तुम्ही त्याला घरी राहायला बोलावलंत, मला फार बरं वाटलं. शेवटी शेवटी तरी कुणाच्या सोबतीनं राहणार होता."

"घरी?" हर्बर्ट म्हणाला.

"त्याचं पत्र आलं ना काल. आठवडाभर टपालात अडकलं असणार. अक्षर पाहिल्यावर आधी हातच लावला नाही मी." तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला, दूर धरला आणि चष्म्याशिवाय वाचण्याचा प्रयत्न केला. "लंडनला जातोय म्हणतो. क्लॅफममध्ये बर्टीकडं उतरणार. दुसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत. खोली लहान आहे पण चालेल, भिंतीला पिवळा कागद आहे. खिडकी तेवढी बंद होत नाही, खालून बोटभर फट राहते. एवढं सगळं कळवलंन, म्हणजे तुम्ही त्याला आधी दाखवली असणार."

हर्बर्टनं क्लॅफमची ती जागा थॉर्नसीला निघायच्या आधीच्या शनिवारी घेतली होती. एजंटशिवाय कुणाला पत्ता दिलेला नव्हता. मागच्या खोलीत तो एकदाच गेला होता, सोमवारी दुपारी, पेग गेल्याचं कळल्यावर, रिकामे खोके ठेवायला. वारा कुठून येतोय म्हणून त्यानं खिडकीच्या खाली हात घालून पाहिला होता.

एडिथनं कागदाची घडी पुन्हा नीट घातली आणि पर्स मिटली.

"खिडकीचं तेवढं बघा हं," ती म्हणाली. "त्याला गारठा सोसत नाही."